मासे मेले नाहीत, पण वागणे बिघडले : शेततळ्यातले विष वागण्यावरून कसे ओळखायचे

मालेगावकडच्या एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल, प्लास्टिकचा कागद टाकलेले शेततळे. पाणी सध्या निम्म्यावर. आत रोहू, कटला आणि थोडे सायप्रिनस. शेजारच्या कपाशीवर प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रीन ४ टक्के हे मिश्र औषध फवारले गेले आणि पंप तळ्याच्या कडेलाच भरले, तिथेच धुतले. त्याच आठवड्यात त्यांच्या स्वतःच्या डाळिंबावर बोर्डोची, म्हणजे मोरचूद (तांब्याचे क्षार) आणि चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मासे गोल गोल फिरतात, मध्येच उसळी मारतात, खाद्याला तोंड लावत नाहीत. मेले मोजकेच, तेही लहान. दुकानदार म्हणतो ऑक्सिजन कमी झाला, गोळ्या टाका. हे विष आहे का, मासे वाचतील का, आणि वाचले तर विकता येतील का, एवढे त्यांना हवे आहे.

सगळे जण आधी मेलेले मासे मोजतात. इथे तो हिशेब उपयोगाचा नाही. बहुतेक कीटकनाशके मुळात किड्यांच्या मज्जासंस्थेवर घाव घालण्यासाठी बनवलेली असतात, आणि माशाची मज्जासंस्था त्याच भागांनी चालते. त्यामुळे मासा मरण्याच्या कितीतरी आधी त्याचे पोहणे, खाणे, थव्यात राहणे आणि दचकणे बिघडते. ते बिघडले कसे, हे नीट पाहिले तर कोणत्या प्रकारचे विष आहे याचा बराचसा अंदाज काठावर उभे राहून येतो. तुमच्या वर्णनावरून माझा कल सायपरमेथ्रीनकडे आहे. पण आधी ऑक्सिजनचा प्रश्न निकालात काढू.

ऑक्सिजन कमी पडतो तो पहाटे, सूर्य उगवण्याच्या थोडा आधी. तेव्हा सगळे मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड बाहेर काढतात, मोठे मासे आधी गळपटतात, आणि ऊन चढले की तक्रार आपोआप कमी होते. तुमच्याकडे त्रास दुपारी सुरू झाला आणि लहान मासे आधी गेले. लहान माशात वजनाच्या मानाने कल्ल्यांचा पृष्ठभाग जास्त असतो, म्हणून विष त्यांना लवकर भिनते. तरीही अंदाजावर राहू नका, मीटरने मोजा. पहाटे साडेपाचला विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर दुकानदार बरोबर आहे. ५ च्या आसपास किंवा वर असेल तर कारण दुसरीकडे आहे. त्याच वेळी सामू (pH) आणि अमोनियाही बघा, कारण अमोनिया चढला तरी मासे झटके देतात आणि ते विषबाधेसारखेच दिसते. कल्ल्याचे झाकण उचलून रंग बघा. कल्ले चॉकलेटी दिसले तर नायट्राइट वाढले आहे आणि या उत्तरातले बाकीचे तुम्हाला लागू नाही.

पैसे न लागणारी एक चाचणी मी नेहमी सुचवतो. डासांच्या अळ्या घ्या. एका पांढऱ्या टबात तळ्याचे पाणी आणि दुसऱ्यात शिळे केलेले बोअरचे पाणी घेऊन प्रत्येकात २० अळ्या सोडा आणि वर मलमलचे कापड बांधा, म्हणजे डास बाहेर पडणार नाहीत. क्युलेक्स डासाची अळी शेपटाकडच्या नळीने थेट हवा घेते, तिला पाण्यातल्या ऑक्सिजनची गरज नसते. म्हणून तळ्याच्या पाण्यात अळ्या २४ तासांत मेल्या आणि बोअरच्या पाण्यात वळवळत राहिल्या, तर दोष ऑक्सिजनचा नाही, पाण्यात कीटकनाशक आहे. उलटा निष्कर्ष मात्र काढू नका. अळ्या जगल्या म्हणजे पाणी निर्धोक असे नाही, कारण काही भागांतले डास या औषधांना सरावलेले असतात आणि बोर्डोतल्या तांब्याचे त्यांना फारसे काही होत नाही.

आता मात्रेचा हिशेब. तळ्याच्या बाजूंचा उतार १:१ धरला तर पूर्ण भरलेल्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. पाणी दीड मीटरवर आले की निम्मे, म्हणजे ११ लाख लिटर राहील असे वाटते. पण तळ निमुळता असल्यामुळे प्रत्यक्षात पावणेदहा लाखच राहते. लिटरला २ मिली या प्रमाणात १५ लिटरच्या एका पंपात ३० मिली औषध जाते, म्हणजे १२ ग्रॅम प्रोफेनोफॉस आणि १.२ ग्रॅम सायपरमेथ्रीन. असा एकच पंप तुमच्या तळ्यात सांडला तर सायपरमेथ्रीन लिटरला साधारण १.२ मायक्रोग्रॅम होते. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात सायपरमेथ्रीनने ४ दिवसांत निम्मे मासे मरण्याची मात्रा बहुतेक जातींत लिटरला अर्ध्यापासून ३ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान निघते. म्हणजे एका पंपाची धुवण मासे बिघडवायला पुरते. मातीच्या तळ्यात हे औषध गाळाला आणि सेंद्रिय पदार्थांना चिकटून बरेचसे निष्प्रभ होते. कागदाच्या तळ्यात गाळ नसतो, पाणी नितळ असते, त्यामुळे ते पाण्यातच मोकळे राहते. कागदाच्या तळ्यांना फवारणीचा फटका जास्त बसतो तो यामुळे.

सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीन ही सगळी पायरेथ्रॉइड गटातली. मज्जापेशीतून संदेश जाताना सोडियमचे दार क्षणभर उघडते आणि बंद होते. ही औषधे ते दार उघडेच धरून ठेवतात, त्यामुळे एका संदेशाच्या जागी संदेशांची मालिका सुटते. माशात ते असे दिसते : आधी अस्वस्थपणा आणि उगाच वेग, मग तोल जाणे, एका कुशीवर झुकून गोल किंवा मळसूत्री पोहणे, पाण्याबाहेर उसळी, थरथर, आणि शेवटी तळाशी आडवे पडणे. हे सगळे तासाभरात ते दिवसभरात घडते. माणूस किंवा बैल हे औषध शरीरात पटकन तोडू शकतो, माशाकडे ती क्षमता फार तोकडी आहे. म्हणून आपल्याला सौम्य वाटणारे औषध माशाला जहाल ठरते. डब्यावरच्या त्रिकोणाच्या रंगावरही इथे विसंबू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा ही वर्गवारी सस्तन प्राण्यांवरील विषारीपणावरून ठरते, माशांचा तिथे विचार नसतो. हिरवा त्रिकोण म्हणजे तळ्याला चालेल असा अर्थ काढू नये. आणखी एक गोष्ट : ही औषधे गार पाण्यात जास्त लागतात. हिवाळ्यात तीच मात्रा उन्हाळ्यापेक्षा जास्त नुकसान करते.

तुमच्या मिश्रणातले दुसरे औषध प्रोफेनोफॉस, म्हणजे क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट, मॅलेथिऑन यांच्या कुळातले सेंद्रिय फॉस्फरस. त्याचे काम वेगळे आहे. मज्जापेशीकडून स्नायूकडे निरोप जातो तो अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनातून. निरोप पोचला की अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम ते रसायन लगेच तोडते. सेंद्रिय फॉस्फरस त्या एन्झाइमलाच कायमचे चिकटते. निरोप पुसला जात नाही, स्नायू आकडत राहतात आणि शेवटी थकून लुळे पडतात. यातल्या काही औषधांचे रूपांतर माशाच्या यकृतात झाल्यावरच ती जहाल होतात, म्हणून परिणाम काही तास उशिरा दिसू शकतो. खूण अशी की मासा मंदावतो, रंग काळपट होतो, स्नायू फडफडतात, कधी पाठीचा कणा वाकतो, आणि मेलेल्या माशाचे छातीचे पर पुढे, डोक्याकडे ताणलेले असतात. ही परांची खूण मेलेल्या माशावर आवर्जून बघा, ऑक्सिजनअभावी मेलेल्या माशात ती सहसा नसते. कार्बोफ्युरान, मेथोमिल यांसारखी कार्बामेट औषधेही याच एन्झाइमला धरतात, पण काही तासांनी सोडतात. त्यातला मासा जगला तर एक-दोन दिवसांत सावरतो. फॉस्फरसवाल्यात मात्र नवे एन्झाइम तयार व्हावे लागते आणि त्याला आठवडे लागतात.

दोन्ही एकत्र आली की हिशेब बेरजेचा राहत नाही. पायरेथ्रॉइड तोडण्याचे जे थोडेफार काम माशाचे शरीर करते, ते एस्टरेज जातीच्याच एन्झाइमकडून होते, आणि प्रोफेनोफॉस नेमके त्यालाच बंद पाडते. या जोड्या बाजारात येतात त्या किडीवरचा असर वाढवण्यासाठीच. तळ्यात माशावरही तोच असर वाढतो. म्हणूनच तुमच्याकडे सायपरमेथ्रीनची लक्षणे ठळक असली तरी प्रोफेनोफॉसला निर्दोष धरू नका.

कपाशी आणि भाताच्या पट्ट्यात फिप्रोनिलही वापरले जाते. मज्जासंस्थेत संदेश वाढवणारी यंत्रणा असते तशी आवरणारीही असते. फिप्रोनिल त्या आवरणाऱ्या यंत्रणेतले क्लोराइडचे दार अडवते, म्हणजे गाडीचा ब्रेकच काढून घेते. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्या एंडोसल्फानवर बंदी घातली, तेही याच ठिकाणी मारा करत असे. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे माशाला थेट फार कमी लागतात, पण त्याचे अन्न असलेले सूक्ष्म किडे आणि प्राणीप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, संपवतात. जपानमधल्या शिंजी सरोवराभोवतीच्या भातशेतीत १९९३ पासून या गटातली औषधे आली आणि तिथले प्राणीप्लवंग व त्यांवर जगणाऱ्या माशांचे मासेमारीत मिळणारे प्रमाण घसरले, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले आहे. मासा विषाने मेला नाही, उपाशी राहिला.

आता बोर्डो, म्हणजे त्यातले मोरचूद. तांबे, कॅडमियम, शिसे, पारा या धातूंचा स्वभाव कीटकनाशकांहून वेगळा. ते विघटित होत नाहीत, आणि त्यांची पहिली चोट बहुधा वासावर पडते. माशाच्या नाकपुडीतल्या वास घेणाऱ्या मज्जापेशी थेट पाण्यात उघड्या असतात. शरीरातली दुसरी कुठलीही मज्जापेशी इतकी असुरक्षित नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या कोहो सॅमनच्या पिलांवर २००७ साली झालेल्या कामात लिटरला फक्त २ मायक्रोग्रॅम तांब्यात ३ तास ठेवल्यावर वासाची जाणीव आणि धोक्याचा वास आल्यावर थिजून राहण्याची सवय, दोन्ही मंदावली. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे आपण बिनधास्त पिऊ असे पाणी माशाचे नाक बंद करू शकते.

इथे मात्र परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे. सॅमनचे ते पाणी फार मृदू होते. आपले काळ्या खडकातले बोअरचे पाणी कठीण आणि अल्कधर्मी असते. त्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट तांब्याला बांधून ठेवतात, म्हणून तितकीच मात्रा इथे तितकी लागणार नाही. पावसाने भरलेल्या कागदी तळ्याचे पाणी मात्र मृदू असते आणि तिथे धोका खराच. १ टक्का बोर्डोच्या १५ लिटरच्या पंपात १५० ग्रॅम मोरचूद, म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम तांबे असते. ते सगळे तुमच्या निम्म्या तळ्यात गेले तर लिटरला ३८ मायक्रोग्रॅम. तळे कशाने भरले आहे, पावसाने की बोअरने, हे म्हणूनच मला कळायला हवे.

तांब्याची लक्षणे नाट्यमय नसतात. मासा गोल फिरत नाही. तो दिवसा तरंगते दाणे बघून उचलतो, पण ताटलीत बुडवलेली पेंड त्याला सापडत नाही. थवा सैल होतो. मात्रा वाढली तर कल्ल्यांवर चिकट बुळबुळीत थर येतो आणि धाप लागते. अंगावरच्या बाजूच्या रेषेतल्या, पाण्याची हालचाल टिपणाऱ्या पेशीही तांब्याने मरतात, म्हणून जाळे टाकताना मासा उशिरा हलतो. रोहू, कटला, सायप्रिनस ही सगळी कार्प कुळातली. जखमी कार्पच्या त्वचेतून धोक्याचा वास सुटतो आणि बाकीचे पळतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली मिनो या त्याच कुळातल्या माशात दाखवले. नाक बंद झालेला मासा त्या इशाऱ्याला मुकतो, आणि बगळे, पाणकावळे यांची चंगळ होते. मेलेले मासे दिसत नाहीत तरी काढणीला संख्या कमी भरते, त्याचे हे एक कारण असू शकते. पाणी स्वच्छ झाले तर वासाच्या पेशी पुन्हा वाढतात. काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत लागतात.

शिसे हळू काम करते. मज्जापेशीत ते कॅल्शियमची जागा घेते. ट्राउटमध्ये शेपूट काळे पडणे आणि कणा वाकणे ही त्याची ओळखीची खूण आहे. कॅडमियम नाकातून मज्जातंतूच्या वाटेने मेंदूच्या दारापर्यंत पोचते. मिथाइल पारा तर अन्नसाखळीतून वर वर साठत जातो. जपानच्या मिनामातात १ मे १९५६ रोजी माणसांमधला तो आजार अधिकृतपणे नोंदला जाण्याआधी समुद्रात मासे तरंगत होते आणि मांजरे झटके येऊन मरत होती. कारखान्याचे सांडपाणी किंवा शहराचा नाला तळ्याला येत नसेल तर शिसे आणि पारा तुमच्या यादीत सध्या नकोत.

आज काय करायचे ते आता सांगतो. पहिले, खाद्य बंद. एरिएटर असेल तर रात्रंदिवस चालू. ऑक्सिजन पुरेसा असला तरी चालू ठेवा, कारण मासा जितका जोरात कल्ले हलवतो तितके जास्त पाणी आणि तितके जास्त विष आत ओढतो. गोळ्यांनी अपाय नाही, पण त्या विष काढत नाहीत. दुसरे, पाणी बदला. ३० ते ४० टक्के पाणी दोन दिवसांत, सावकाश, खात्रीच्या बोअरचे घाला. काढलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नका, स्वतःच्या डाळिंबाला द्या. तिसरे, जाळे टाकू नका. ज्याचे स्नायू आधीच आकडलेले आहेत त्याला पळवले तर तो तिथेच मरतो.

काय करायचे नाही हे त्याहून महत्त्वाचे. ब्लीचिंग पावडर टाकू नका. क्लोरीन क्लोरपायरीफॉससारख्या औषधांचे ऑक्सॉन रूप बनवते आणि ते मूळ औषधापेक्षा एन्झाइमवर जास्त जोरात बसते. चुनाही आंधळेपणाने नको. सामू वाढला की मॅलेथिऑन लवकर तुटते हे खरे, पण ३० अंशांच्या पाण्यात सामू ८ असताना एकूण अमोनियातला ७ ते ८ टक्के भाग विषारी असतो, तो सामू ९ ला ४० टक्क्यांच्या पुढे जातो. विषातून वाचलेला मासा अमोनियाने जाईल.

नमुने पहिल्या दिवशीच घ्या, पाणी बदलण्याआधी. कीटकनाशकासाठी १ लिटर पाणी गडद काचेच्या बाटलीत, काठोकाठ, बर्फात, उजेडापासून दूर. तांब्यासाठी वेगळी स्वच्छ प्लास्टिकची बाटली. त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घालून सामू २ च्या खाली आणावा लागतो, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो. ते आम्ल प्रयोगशाळेकडूनच घ्या. मासे मरणाच्या दारातले घ्या, फुगलेले नकोत. अवशेषांच्या तपासणीसाठी अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून गोठवा, धातूंसाठी पॉलिथिनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये फक्त कल्ले आणि मेंदूच्या सूक्ष्मदर्शक तपासणीचे तुकडे, बाकी काही नाही. मेंदूतल्या एन्झाइमची तपासणी होणार असेल तर दुसऱ्या तळ्यातला, त्याच जातीचा आणि आकाराचा निरोगी मासाही सोबत पाठवा. तुलनेला मासा नसेल तर आकडा येतो पण अर्थ लागत नाही. तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत करा आणि कोणती औषधे शोधायची त्यांची नावे लिहून द्या. नुसते ‘विष आहे का बघा’ म्हटले तर कोणालाच काही सापडत नाही.

मासे वाचतील का? सायपरमेथ्रीनचा मुख्य जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसतो. चौथ्या दिवशी मासे सरळ पोहू लागले आणि काठावर पाय आपटल्यावर सगळे एकदम दचकून वळले, तर बहुतेक सावरतील. मग एकूण वजनाच्या अर्धा टक्का खाद्य ताटलीत ठेवा आणि दोन तासांनी किती उरले ते बघा. रोज लिहून ठेवा. ताटली दोन तासांत साफ होऊ लागली की हळूहळू नेहमीच्या २ ते ३ टक्क्यांवर या. प्रोफेनोफॉसचा मागे राहिलेला परिणाम तीन-चार आठवडे रेंगाळू शकतो. तोवर मासे मंद खातील आणि वाढ थांबल्यासारखी वाटेल. औषध घातलेल्या खाद्याने ते सुधारत नाही.

विक्री सध्या अजिबात नाही. तपासणीचा अहवाल येईपर्यंत एकही मासा बाजारात किंवा घरच्या स्वयंपाकात जाऊ देऊ नका, आणि मेलेले मासे कुत्र्यांना न घालता चुना टाकून खोल पुरा. ही दोन्ही औषधे माशाच्या शरीरातून कालांतराने निघून जातात, त्यामुळे महिन्याभराने मांसाची तपासणी स्वच्छ आली तर विकायला हरकत नाही.

पुढच्या फवारणीला औषध तळ्यापासून लांब, बांधाच्या पलीकडे मिसळायचे. तळ्यात टाकलेल्या पाइपचे टोक औषधाच्या टाकीत कधीच बुडू द्यायचे नाही, मोटर बंद पडली की टाकीतले औषध उलटे तळ्यात येते. शेजाऱ्यांशी हे आजच बोला, कारण कपाशीच्या फवारण्या अजून बाकी असणार.

मला पुढच्या उत्तरासाठी हवे आहे ते एवढे : पहाटेचा ऑक्सिजन, सामू, अमोनिया, पाण्याची कठीणता, तळे कशाने भरले, पहिला मासा किती वाजता फिरताना दिसला, आणि मेलेल्या माशांचे छातीचे पर कोणत्या दिशेला आहेत याचा एक स्पष्ट फोटो.